भांडवलशाही समाजापुढील आव्हाने : मुदखेड आणि नांदेड–लातूर परिसर

जमीन, श्रम आणि पैसा ही तिन्ही बाजाराच्या हवाली झाली की जी असुरक्षितता तयार होते ती कोणी सोसायची, हा आधुनिक भांडवलशाही समाजापुढचा मूळ राजकीय प्रश्न आहे. अर्थेतिहासकार कार्ल पोलान्यी यांनी १९४४ साली ‘दि ग्रेट ट्रान्सफॉर्मेशन’ या ग्रंथात दाखवून दिले की बाजार मोकाट सुटला की समाज स्वतःच्या बचावासाठी उभा राहतो. पश्चिम युरोपात हा बचाव कामगार संघटना, कारखाना कायदे आणि सामाजिक विमा यांतून उभा राहिला. नांदेड–लातूर भागात कारखान्यातली कायम नोकरी कधीच मोठ्या प्रमाणावर आली नाही. बाजार इथे पिकाच्या भावातून, कर्जातून आणि शिक्षणाच्या प्रवेशातून घरात शिरला. जोखीम कुटुंबाच्या अंगावर पडली आणि मालकच समोर नसल्याने सगळे गाऱ्हाणे सरकारकडे वळले. या भागातील आत्महत्या, आरक्षणाची आंदोलने आणि मतदारांचे हेलकावे यांचा उलगडा या एका गोष्टीतून बराचसा होतो.

मुदखेड हे नांदेडजवळचे तालुक्याचे गाव. निजामाच्या राजवटीत गोदावरी खोऱ्यातून टाकलेल्या लोहमार्गामुळे आणि पुढे आदिलाबादकडे फुटलेल्या फाट्यामुळे ते जंक्शन झाले, आणि इथला कापूस दूरच्या बाजाराशी बांधला गेला. नांदेडला उस्मानशाही मिल होती. ती पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात दिलेले ‘एनएचएच ४४’ हे संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्याने मोठ्या विश्वासाने लावले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि हे सार्वजनिक वाण खासगी कंपन्यांच्या बियाण्यापुढे मागे पडले. १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी योजनाही त्याच सुमारास संपत आली. एका पिढीच्या आत बियाणे आणि खरेदी या दोन्ही टोकांवरची सार्वजनिक संस्था बाजूला झाली. मुदखेडची आजची ओळख फुलांची आहे : गुलाब, मोगरा, काकडा, गलांडा. नांदेड आणि हैदराबादच्या बाजारावर ही शेती चालते. फुलाला हमीभाव नाही आणि तोडलेले फूल थांबत नाही. २०२० च्या टाळेबंदीत देवळे आणि लग्नसमारंभ बंद झाले तेव्हा फुले झाडावरच राहिली. मागणी कोसळली की तोटा उत्पादकाच्या घरात किती लवकर पोहोचतो, हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

सोयाबीनचे उदाहरण मोठे आहे, कारण लातूरचा बाजार या पिकाच्या भावासाठी देशभर पाहिला जातो. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर भाव क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, खाद्यतेलावरील आयातशुल्क घटवले, आणि डिसेंबरमध्ये सेबीने वायदे बंद केले. मधल्या काळात नवे पीक बाजारात येताच भाव निम्म्याच्या आसपास आला होता. तेजी होती तेव्हा माल व्यापारी आणि साठवणूकदारांकडे होता. मंदी आली तेव्हा तो शेतकऱ्याच्या खळ्यावर होता. कोरडवाहू शेतकऱ्याला थांबता येत नाही, कारण बियाणे, खत आणि फवारणीची उधारी कृषी केंद्राकडे असते किंवा आडत्याकडून उचल घेतलेली असते, आणि ती सुगीतच फेडायची असते. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. वारसांना एक लाखाची मदत देताना २००६ च्या शासन निर्णयातले निकष लावले जातात : कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. ज्या उधारीवर शेती प्रत्यक्ष चालते ती बरीचशी या कागदात बसत नाही. घर उद्ध्वस्त होते आणि प्रकरण ‘अपात्र’ ठरते. ही केवळ कारकुनी त्रुटी मानता येणार नाही. बाजाराने जोखीम जिथे ढकलली तिथवर राज्याची नजर पोहोचत नाही, याचा तो पुरावा आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप शरद जोशी आणि शेतकरी संघटनेच्या परंपरेतून येतो. दुखणे बाजाराचे नसून बाजारात हात घालणाऱ्या सरकारचे आहे. आयात, निर्यातबंदी आणि साठामर्यादा यांनी शेतमालाचे भाव मुद्दाम पाडले जातात, असे तो सांगतो. २०२१ चा घटनाक्रम या आक्षेपाला भक्कम आधार देतो, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्याने निम्मेच प्रकरण सुटते. सगळे निर्बंध उठले तरी सोयाबीनचा भाव अर्जेंटिना, ब्राझील आणि शिकागोच्या घडामोडींवर हलणारच. गोदाम, तारण कर्ज आणि थांबण्याची ऐपत ज्याच्याकडे आहे त्याला तो हेलकावा कमाई देईल. चार एकरांच्या कोरडवाहू घराला तो बुडवील. सरकारी हस्तक्षेप ग्राहकाच्या बाजूने झुकतो हे खरे. त्यावरून हस्तक्षेपाविना उत्पादक सुरक्षित होतो असे सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप पावसाचा. मराठवाडा अवर्षणप्रवण आहे, निजामी राजवटीत तो मागे राहिला, अनुशेष साचला. मग भांडवलशाहीला दोष कशाला? वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये सिंचनाचा अनुशेष नोंदवला आहे, तेव्हा इतिहासाचे ओझे खरेच आहे. तरीही पावसाने काय लावायचे हे ठरवलेले दिसत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच टंचाईग्रस्त भागात ऊस उभा होता. कारण उसाला रास्त व किफायतशीर दराचा आणि चौदा दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे, बांधलेला खरेदीदार आहे, आणि कारखान्याच्या संचालक मंडळामागे आमदार-खासदार आहेत. कायदा अनेकदा मोडला जातो, थकबाकी राहते, तरी तूर किंवा सोयाबीनपेक्षा ही हमी कितीतरी पक्की. शेतकरी पाण्याची चूक करत नाही. जिथे जोखीम वाटून घेतली जाते त्या पिकाकडे तो जातो, आणि त्याचे वागणे अगदी शहाणपणाचे आहे. उसाची जोखीम सरळ नाहीशी होते असेही नाही. ती मुकादमाची उचल घेऊन कोयता धरणाऱ्या जोडप्याकडे सरकते.

शेतीतून सुटका शिक्षणाने होते, हा या भागाचा दृढ विश्वास आहे. प्रवेशपरीक्षांच्या कसून तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने तो खराही करून दाखवला, खेड्यातली मुले वैद्यकीय महाविद्यालयांत गेली. पण जागा मोजक्याच आहेत आणि शिकवणीचा खर्च सगळेच घालतात. त्यामुळे हरलेल्याची जमीन किंवा दागिने गेले तरी हार त्याची एकट्याची मानली जाते. मराठा आरक्षणाच्या मागणीला इथे जी धार आली ती याच जागी. २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा झाला, आणि निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध तर त्याआधीच गावोगाव सुरू झाला होता. यावर कोणी म्हणेल की हा जातीचा प्रश्न आहे, अर्थव्यवस्थेचा नव्हे. जात बाजाराआधीची आहे, हे निर्विवाद. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होताच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत दलित समाजातील पोचिराम कांबळे यांची हत्या झाली, तिचे स्पष्टीकरण बेकारीत शोधणे म्हणजे त्या क्रौर्यावर पांघरूण घालणे होईल. मात्र नोकऱ्या आणि जागा आटत गेल्या की जुन्या उतरंडीला भांडणाचे नवे मैदान मिळते, आणि असुरक्षित माणसे दुसऱ्या असुरक्षितांनाच प्रतिस्पर्धी मानू लागतात.

राजकारणाने या मागण्यांना दिलेले उत्तर म्हणजे भरपाई : २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या, २०२४ पासून महिलांना दरमहा दीड हजार. संकटातल्या घराला ही रक्कम मोलाची असते, तिला ‘रेवडी’ म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. तिची मर्यादा वेगळी आहे : ती नुकसान झाल्यावर येते आणि निवडणुकीच्या वेळापत्रकाने येते. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजारभाव त्याच्या बराच खाली. खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्के झाली ती नोव्हेंबरमध्ये, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर. त्याच मतदानात नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक काँग्रेसने १,४५७ मतांनी जिंकली, आणि मुदखेड ज्यात येते त्या भोकरसह त्या लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीला मिळाल्या. हे मतदार गोंधळलेले नव्हते. कायमचे संरक्षण कोणीच देऊ करत नसताना त्यांनी एकाच दिवशी नाराजी आणि लाभ या दोन्हींचा वेगवेगळा हिशेब केला.

जोखीम आधीच वाटून घेणारी एक यंत्रणा राज्याकडे होती. २०२३ पासून एक रुपयात पीकविमा मिळत होता. बोगस अर्जांच्या तक्रारी झाल्या आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली. स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान हे भरपाईचे आधारही वगळले गेले, पीक कापणी प्रयोग तेवढा उरला. बोगसगिरीवर नोंदणी तपासणे हा उपाय होता, संरक्षण काढून घेणे नव्हे. त्याच पावसाळ्यात नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात आणि नंतर मराठवाडाभर अतिवृष्टीने उभी पिके गेली, आणि भरपाईसाठी पुन्हा शासनाच्या पॅकेजची वाट पाहावी लागली.