हौशी नाट्यसंस्थेतील एक आयुष्य : भालबा केळकर

हौशी नाट्यसंस्थेचा इतिहास म्हणजे पुष्कळदा एकाच सभासदाच्या निष्ठेचा इतिहास होय. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये हे स्थान भालबा केळकरांचे होते. प्राध्यापकी ही त्यांची उपजीविका, तालीम हे व्रत. वसंत कानेटकरांचे पहिले नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७ साली याच संस्थेने रंगभूमीवर आणले. श्रीराम लागूंसारखा शल्यवैद्य येथेच नट म्हणून घडला.

ज्या अधिकारावर संस्था उभी राहिली, त्याच अधिकाराची कसोटी पुढे लागली. १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. नाना फडणविसांच्या चित्रणावरून वाद उसळला आणि अध्यक्ष या नात्याने केळकरांनी १९ प्रयोगांनंतर नाटक थांबविले. तरुण सभासदांनी बाहेर पडून १९७३ साली थिएटर अकॅडमी स्थापिली. १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे राहिले.

केळकरांच्या निर्णयास निव्वळ भीरुता म्हणणे अन्यायाचे ठरेल, निव्वळ विवेक म्हणणे भाबडेपणाचे. हौशी संस्थेत वेतनाचे बंधन नसते. परस्परविश्वास हेच तिचे भांडवल. ते सरले, तेव्हा संस्था ज्येष्ठाकडे राहिली आणि नाटक तरुणांबरोबर गेले.