कारखाना नसलेल्या यंत्राचा क्रमांक

संगणकाला जाळ्याशी जोडणाऱ्या प्रत्येक कार्डाला ४८ बिटांचा जो ओळखक्रमांक असतो व ज्याला मॅक पत्ता म्हणतात, त्याच्या घडणीत पवईच्या आयआयटीतून १९७२ मध्ये पदवी घेतलेल्या योगेन दलाल यांचा मोलाचा वाटा आहे. मराठी वाचकाला ही गोष्ट फारशी ठाऊक नसावी, याची खंत वाटते. स्टॅनफर्डला व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासह १९७४ मध्ये टीसीपी या संदेशवहन-नियमावलीचा पहिला तपशीलवार मसुदा लिहिल्यानंतर दलाल पुढे झेरॉक्समध्ये गेले. तेथील इथरनेट या संगणक-जाळ्याच्या प्रायोगिक रूपात पत्ता अवघ्या ८ बिटांचा असल्याने एका जाळ्याला २५६ च क्रमांक मिळत. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या कंपन्यांनी प्रसिद्ध केलेल्या इथरनेटच्या मानकात ही लांबी ४८ बिटांवर गेली, आणि क्रमांक जाळ्याचा नसून यंत्राचा असावा व तो जगभर एकमेव असावा, हा त्यामागचा विचार दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या निबंधात मांडला.

एकमेवपणा टिकवण्यासाठी पहिले २४ बिट उत्पादकाला नेमून दिले जात, आणि उरलेल्या २४ बिटांत उत्पादक आपल्या कार्डांना क्रम लावी. दापोली तालुक्यातील बुरोंडीच्या मासेमारी नौकेवर रंगवलेला नोंदणी क्रमांक देश व राज्य यांच्या खुणेने सुरू होऊन अखेर त्या एका नौकेपर्यंत पोहोचतो, तशीच ही रचना आहे. क्रमांक देणारे कार्यालय आधी झेरॉक्सचे होते, पुढे ते काम आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेकडे आले.

या व्यवस्थेत प्रत्येक यंत्र कुठल्यातरी कारखान्यात तयार होते, हे गृहीत होते. एका संगणकाच्या आत केवळ आज्ञावलीने उभ्या राहणाऱ्या आभासी यंत्राला मात्र कारखानाच नसतो. आभासी यंत्रे चालवणाऱ्या व्हीएमवेअर व झेन या प्रणालींसाठी नोंदणीकृत उपसर्ग, म्हणजे पत्त्याचे पहिले २४ बिट, घेऊन ही अडचण सोडवली. इतरांनी आयईईईच्या नियमातच ठेवलेल्या मोकळ्या जागेचा आधार घेतला. पहिल्या बाइटमधील शेवटून दुसरा बिट १ असेल, तर पत्ता स्थानिक व्यवस्थापकाने ठरवलेला मानला जातो, आणि अगदी शेवटचा बिट ० असेल, तर तो एकाच यंत्राचा ठरतो. म्हणून चाचणीच्या आभासी यंत्रासाठी पत्ता बनवताना सहा बाइट यादृच्छिक, म्हणजे कोणताही क्रम न पाळता, निवडून हे दोन बिट तेवढे बसवतात; त्यामुळे षोडशमान लेखनात दुसरा अंक २, ६, ए किंवा ई यांपैकीच येतो.

उरलेल्या ४६ बिटांत सुमारे ७० लाख कोटी पत्ते मावतात. क्यूईएमयू या आभासी यंत्रांच्या दुसऱ्या प्रणालीच्या वापरात रूढ झालेला ५२:५४:०० हा उपसर्ग कायम ठेवून फक्त शेवटचे २४ बिट यादृच्छिक घेतले, तर पत्ते १,६७,७७,२१६ इतकेच उरतात, आणि साधारण ४,८०० यंत्रांतच दोघांचा पत्ता सारखा निघण्याची शक्यता निम्म्यापर्यंत पोहोचते. असे दोन पत्ते एकाच स्थानिक जाळ्यात आले की माहितीच्या चौकटी कोणत्या दाराने पाठवाव्यात हे यंत्रांना जोडणाऱ्या स्विचला ठरवता येत नाही, आणि दोन्ही यंत्रांचा संपर्क अधूनमधून तुटतो.

२०१७ मध्ये आयईईईने स्थानिक पत्त्यांच्या क्षेत्राचे चार भाग पाडले आणि प्रशासकाने किंवा यंत्राने स्वतः निवडलेल्या पत्त्यांसाठी दुसरा अंक २ असलेला भाग राखला. नवी चाचणी-व्यवस्था उभारणाऱ्याने दुसऱ्याचा नोंदणीकृत उपसर्ग उचलण्याऐवजी याच भागातून पत्ते घ्यावेत.