प्याद्याने किती घरे चालावे?

माणूस एक वेळ पक्ष बदलतो, घर बदलतो, फार झाले तर न्हावीसुद्धा बदलतो. पण लहानपणी शिकलेल्या खेळाचे नियम बदला म्हटले की तो तलवार उपसतो. पत्त्यांतली भांडणे तरी चहा आला की निवतात. बुद्धिबळाचे तसे नाही. त्याच्या दोन आवृत्त्या, एक देशी आणि एक विलायती, निदान दोनशे वर्षे या देशात दोन जावांसारख्या नांदत आहेत. चूल वेगळी, पण भिंत एकच.

ज्यांनी देशी डाव पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. देशीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. विलायतीत त्याला सुरुवातीला दोन घरांची मुभा आहे. विलायतीत राजा हत्तीच्या आडोशाला जाऊन किल्लेकोट करतो. देशीतल्या राजाला असली बांधकामे ठाऊक नाहीत. त्याला जन्मात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते, तीही आधी शह बसलेला नसेल तर. सगळे सैन्य मरून राजा एकटा उरला की देशीत 'बुर्जी' झाली म्हणून डाव थांबतो. एकट्याला पळवून पळवून मारणे आपल्याकडे शिष्टसंमत नव्हते. आणि प्याद्याची बढती! विलायतीत शेवटच्या पट्टीला पोचलेले कोणतेही प्यादे थेट वजीर होऊ शकते. देशीत ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच होणार. घोड्याच्या घरात घोडा, उंटाच्या घरात उंट. ज्या टेबलाशी पोचलात त्या टेबलाचे पद! बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला या दोहोंपैकी वास्तवाला धरून कोणती, हे सांगायला नको.

आता प्रश्न असा की यांतली घ्यावी कोणती? हा प्रश्न आजचा नाही. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाच्या पंडिताचे बुद्धिबळावरचे पुस्तक इंग्रजीत छापले गेले. मूळ संस्कृत; पण शीर्षकातच लिहिले होते की हे युरोपी पद्धतीला जुळवून घेतलेले आहे. म्हणजे पेशवाई अजून चार वर्षे बाकी होती, पण पटावरचे राज्य शास्त्रीबुवांनी आधीच हस्तांतरित करून टाकले होते. गिऱ्हाईक ओळखणारा ग्रंथकार म्हणतात तो हा.

पुढे १८५० च्या सुमारास बंगालमधले महेशचंद्र बॅनर्जी कलकत्त्यात कॉक्रेन नावाच्या स्कॉटिश बॅरिस्टराशी विलायती पद्धतीने खेळू लागले. नियम नवे घेतले, पण हाताची सवय जुनीच. प्यादे एकेक घर जपून पुढे, उंट कोपऱ्यातून तिरपी नजर लावून बसलेला. युरोपातल्या शहाण्यांना हे आधी गावंढळ वाटले. पुढे शंभर वर्षांच्या आत जगातले मोठमोठे खेळाडू त्या धाटणीचे डाव 'इंडियन डिफेन्स' म्हणून खेळू लागले. खेडवळ सुनेचे लोणचे आधी नाक मुरडून बाजूला ठेवावे आणि पुढे तेच बरणीत भरून परदेशी पाठवावे, त्यातला प्रकार!

सत्यजित राय यांच्या १९७७ सालच्या 'शतरंज के खिलाडी'त हीच गोष्ट आहे. १८५६ साली कंपनी सरकार अवध गिळत असते आणि लखनौचे दोन नवाबजादे देशी डावात रंगलेले असतात. एक मुन्शी त्यांना इंग्रजी नियम समजावून सांगतो. शेवटी फौजा शहरात शिरल्यावर हे दोघे ओसाड जागी बसून इंग्रजी पद्धतीने डाव मांडतात. राज्य गेले ते गेले, आवृत्तीही गेली.

सगळ्यांत जीवाला लागते ती मीर सुलतान खानाची हकीकत. पंजाबातला हा मुलगा देशी डावात पटाईत. त्याच्या धन्याने त्याला विलायती नियम शिकवून घेतले आणि सोबत इंग्लंडला नेले. तिथे त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे मिळवली; हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत खुद्द कापाब्लांकाला हरवले. मग धनी परतला, तसा तोही परतला आणि मोठ्या स्पर्धांतून दिसेनासा झाला. १९६६ साली वारला. जागतिक संघटनेने मानद ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ साली. आमच्या पेन्शन खात्याला उगीच नावे ठेवतात!

ही जागतिक संघटना, फिडे, १९२४ साली पॅरिसला निघाली. आपल्याकडे अखिल भारतीय महासंघ १९५१ साली झाला आणि १९५५ साली एलुरूच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपले रामचंद्र सापरे व्यंकय्यांबरोबर संयुक्त विजेते ठरले. तिथून पुढे प्यादे अधिकृतपणे दोन घरे. वरून परिपत्रक आले की जुना फॉर्म रद्द.

हा रोग आपल्याकडेच आहे असे मानू नका. अमेरिकेत १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. टेबलाभोवती बसून राक्षस मारायचे, तेही फासे टाकून आणि तोंडाने. पहिल्यांदा हजार प्रती, पेटीत तीन पुस्तिका. मग १९७७ साली सोपी आवृत्ती, तिच्याच पाठोपाठ 'प्रगत', १९८९ साली दुसरी, २००० साली तिसरी, आणि असे करत २०१४ साली पाचवी. तरी तिथली पिकल्या केसांची मंडळी अजून पहिल्याच पुस्तिकांच्या शपथा घेतात आणि जुने नियम पुन्हा छापून खेळतात.

आमच्या जठारपेठेतही अशी एक शपथ आहे. आमच्या शेजारचे आबा, वय ऐंशीच्या पुढे, अकोल्याच्या उन्हात संध्याकाळी ओट्यावर पाणी मारून पट मांडतात. त्यांच्या जोडीचे सगळे देवाघरी गेले. नात बुद्धिबळाच्या क्लासला जाते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून तर तिला जेवायलाही हाक मारावी लागते. पण आजोबा-नातीचा डाव काही जमेना.

"दोन घरं उडी मारते, ते प्यादं हाय का बेडूक?" आबा म्हणाले.

"आबा, फिडेचा नियम आहे."

"कोन फिडे? मूर्तिजापूरचे का?"

मी मध्यस्थी करायला गेलो. म्हटले, "आबा, तुमचा डाव तरी कुठे मूळचा? पूर्वी वजीर तिरपं एकच घर चालायचा. त्याला हे चहूकडे धावणं दिलं युरोपातल्या लोकांनी, पाचशे वर्षांपूर्वी. तिथूनच ते आपल्याकडे आलं."

आबांनी चष्म्यावरून पाहिले. "तं काय झालं? सून बाहेरूनच येते. घरची होते का नाही?"

नात पटकन म्हणाली, "मग माझं प्यादंही होईल की घरचं!"

आबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मांड बाई. पयला डाव माहा, दुसरा तुहा."

तेव्हापासून रोज दोन डाव होतात. तिच्या डावात आबा किल्लेकोट करायला विसरतात. त्यांच्या डावात ती बुर्जीत सापडते.

तर कोणती आवृत्ती घ्यावी? माझे मत विचाराल तर समोर बसलेल्या माणसाची. नियमपुस्तक काही आपल्याशी खेळायला येत नाही. विलायती शिकवायला गल्लोगल्ली क्लास आहेत आणि पुढची पन्नास वर्षेही असतील. देशी शिकवणारा मात्र आज ओट्यावर बसला आहे आणि त्याला जोडीदार हवा आहे. तेवढ्यात जाऊन शिकून घ्या. फक्त एक सांभाळा, तिथे पहिल्याच चालीला प्यादे दोन घरे टाकू नका. चहा मिळायचा नाही.