जवारी

तंबोरा, सतार इ. तंतुवाद्यांच्या रुंद घोडीस दिलेला सूक्ष्म वक्राकार व त्यामुळे नादास येणारी गुंजनयुक्त भरदारी. छेडलेली तार घोडीच्या पृष्ठभागास हलकेच घासते व उच्च उपस्वर प्रकट होतात. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा दोरा सरकवून हा परिणाम नेमका साधतात. छेडण्याच्या बिंदूवर ज्यांचा निस्पंद असतो, ते उपस्वर सामान्य नियमानुसार उमटू नयेत. येथे ते स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखविले. कारागिरांच्या कानांना ते अर्थातच परिचित होते.

सांगली जिल्ह्यातील मिरज हे या कलेचे प्रमुख केंद्र. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांची मागणी ओसरल्यावर तेथील शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्यनिर्मितीस आरंभ केला. हत्यारांना धार लावणारा हात घोडी घासू लागला. भोपळ्याचे व लाकडाचे माप सांगता येते, जवारीचे नाही. नवशिक्याने घासावे, तार चढवावी, ऐकावे, पुन्हा उतरवावी. कानस किंचित अधिक फिरली, तरी नाद बसतो.

बंगलोर येथे १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. पुढे संगणकावर तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रित नमुने आले. नवशिक्या गायकाची सोय झाली. जवारी लावण्यातून होणारे कानाचे शिक्षण मात्र हुकले. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वापराने घोडीवर तारांच्या खाचा पडतात. म्हणून प्रत्येक तंबोरा काही काळाने जवारी काढण्यासाठी कारागिराकडे न्यावाच लागतो.