हलत्या चित्रांचा घरचा वारसा
ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचा खाऊ, ही समजूत आपल्या इतिहासाला धरून नाही. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ हा पडद्यावरचा खेळ सुरू केला. काचेवर हाताने रंगवलेली पौराणिक पात्रे दिव्याच्या झोतात पडद्यावर हलत आणि जोडीला संवाद नि गाणी असत. हा सिनेमा नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. फिल्म नव्हती हे खरेच. पण स्थिर चित्रांतून हालचालीचा भास घडवणे हाच ॲनिमेशनचा प्राण आहे. पुढे दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात साध्या काड्या नाचवल्या. ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा ‘जंबूकाका’ हा ॲनिमेशनपट १९३४ मध्ये आला. मुलाला हालचालीची गंमत आणि मोठ्यांना त्यामागची करामत, असे दोघांचे समाधान एकाच पडद्याने केले. म्हणूनच ही कला साऱ्या घराची आहे.