डोळे मिटून पाहिलेला ‘शोले’

आरती झाली, प्रसाद वाटून संपला, की गणपतीच्या मंडपातल्या कर्ण्यावर पुन्हा रेकॉर्ड लागायची. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ठाणे, कल्याण, डोंबिवलीत लहानाच्या मोठ्या झालेल्यांच्या कानात त्या कर्ण्याचा एक खास आवाज अजून आहे. गाणं नव्हे. खडकावरून चालणारे जड बूट, दगडाला घासत जाणारा कातडी पट्टा, मग जीवघेणी शांतता, आणि हात हलवत परतलेल्या साथीदारांची झाडाझडती घेणारा अमजद खान. खुर्च्या मांडणाऱ्या पोरांपासून वर्गणीचं पावतीपुस्तक सांभाळणाऱ्या काकांपर्यंत सगळ्यांना पुढचं वाक्य पाठ. चित्रपट मात्र त्यांतल्या कित्येकांनी जेमतेम एकदा पाहिलेला. काहींनी तर पाहिलेलाही नव्हता.

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. गाण्यांच्या रेकॉर्डचे हक्क पॉलिडोर कंपनीकडे होते आणि त्या रेकॉर्डचा खप सुरुवातीला बेताचाच होता. लोक चित्रपटगृहाबाहेर पडतात ते गाणी गुणगुणत नाहीत, संवाद घोळवत पडतात, हे कंपनीच्या लक्षात आलं. मग सव्वातीन तासांच्या चित्रपटातून तासाभराचे निवडक संवाद काढून त्यांची एलपी बाजारात आणली. पुढे ती चहाच्या हॉटेलात वाजली, लग्नाच्या मांडवात वाजली, गणपतीत वाजली. गंमत म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी अमजद खानचा आवाज दरोडेखोर गब्बरच्या भूमिकेला पुरेसा दमदार नाही, अशी शंका निघाली होती. अखेर त्याच आवाजाने रेकॉर्ड खपवली.

या वेडामागे एक साधी अडचण होती. आवडलेला चित्रपट घरी आणायला दुसरा मार्गच नव्हता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण टीव्ही आळीत एखाद्याच घरी असे, आणि तिथे काय दाखवायचं हे घरातला माणूस ठरवत नव्हता. ‘शोले’ ७० एमएमच्या पडद्यावर बघायचा तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या ‘मिनर्व्हा’त जावं लागे. डोंबिवलीकराने दादरला उतरायचं, जिने चढून पश्चिम रेल्वेच्या बाजूला जायचं, ग्रँट रोडची गाडी पकडायची. घरची चार माणसं नेली की त्या महिन्याचा हिशेब हलायचा. रेकॉर्ड मात्र एकदा कुणी घेतली की अख्ख्या चाळीची होऊन जाई. परदेशातही हीच गरज होती. डिस्नेने आपल्या चित्रपटांच्या गोष्टी तबकड्यांवर आणल्या होत्या, आणि १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ची गोष्ट निवेदनासह एलपीवर निघाली.

पण इथे ही रेकॉर्ड रुजली ती नुसत्या अडचणीमुळे नाही. मराठी माणसाला गोष्ट कानांनी ऐकायची सवय फार जुनी. देवळातलं कीर्तन, आकाशवाणीवरच्या श्रुतिका, नीलम प्रभू, बाळ कुडतरकर आणि प्रभाकर जोशी यांच्या आवाजांतलं ‘पुन्हा प्रपंच’ हे सगळं आधीपासून घरात होतं. १९७४ मध्ये शिवराज्याभिषेकाच्या त्रिशतसांवत्सरिक वर्षात आलेल्या ‘शिवकल्याण राजा’त लता मंगेशकरांचं गाणं आणि बाबासाहेब पुरंदरे यांचं निवेदन एकाच तबकडीवर होतं, तेही लोकांनी गोष्ट ऐकावी तसं ऐकलं. ठाणे-कल्याण पट्ट्यात तर रोज लोकलमध्ये भजनी मंडळं बसत. घोड्यांच्या टापा आणि बंदुकांचे बार यांनी भरलेली ही नवी कथा अशाच तयार कानांवर आली. ऐकणाऱ्याने चित्रपटातलं रामगड गाव आपल्या मनाने उभं केलं. ज्याने कल्याणपुढे उघडा माळ पाहिलेला, त्याच्या रामगडाला तोच माळ.

आवाज इतके स्वच्छ उमटले, याचं श्रेय लेखक सलीम-जावेद आणि नटांइतकंच ध्वनितंत्रज्ञांचं आहे. चित्रपटाचं पुनर्ध्वनिमुद्रण मंगेश देसाई यांचं. हवेत उडवलेलं नाणं, झोपाळ्याची करकर, गब्बरच्या प्रवेशामागचं राहुलदेव बर्मन यांचं अंगावर काटा आणणारं संगीत ही सारी या रेकॉर्डची खरी दृश्यं. चित्रपटात ती चित्राच्या आडोशाला राहतात, तबकडीवर ती एकटी समोर येतात.

आणि तबकडीनेच एका मराठी नटाला अमर केलं. विजू खोटे यांचा कालिया, गब्बरचा साथीदार, पडद्यावर येतो आणि थोड्याच वेळात मरतो. चित्रपट एकदा पाहणाऱ्याच्या लक्षात तो राहिला असता, नसता. रेकॉर्ड मात्र शंभर वेळा ऐकली जाई, आणि प्रत्येक वेळी कालिया पुन्हा उभा राहून धन्याला मिठाची आठवण देई. २०१९ मध्ये ते गेले तेव्हाही लोकांच्या तोंडी तेच नाव होतं. संवादांची रेकॉर्ड निघालेला आणखी एक गाजलेला चित्रपट ‘मुगल-ए-आझम’. त्यात जोधाबाई होत्या दुर्गाबाई खोटे, म्हणजे विजू खोट्यांच्या काकू. एका मराठी घरातले दोन आवाज, एक सम्राज्ञीचा, एक दरोडेखोराचा, दोन्ही घराघरांत तबकडीवरून पोचले.

रेकॉर्ड वाजवणारा हाही या गोष्टीतला महत्त्वाचा माणूस. लाऊडस्पीकरवाला कार्यक्रमाला येई तो कर्णे, अॅम्प्लिफायर आणि रेकॉर्डची पेटी घेऊन. सुई कुठे टेकवायची हे त्याला डोळे झाकून कळे: तबकडीवरच्या बारीक रेघा मोजून तो नेमका गब्बरच्या अड्ड्यावर उतरे. लोक ओरडून तोच भाग पुन्हा मागत. मधेच सुई एका जागी अडकली, की गब्बर तोच अर्धा शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागे आणि मंडपात हशा पिके. घरी मात्र तबकडी हाताळायची शिस्त कडक. कडेनेच धरायची, मऊ फडक्याने पुसायची, एक बाजू संपली की मोठ्यांपैकी कुणीतरी उलटायची. पोरांनी हात लावायचा नाही.

मग कॅसेट आली. ती स्वस्त होती आणि तिच्यावर ओरखडे पडत नव्हते. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर भाड्याने आणून गणपतीच्या रात्री चित्रपट दाखवायची पद्धत रुळली आणि ऐकायच्या ‘शोले’ची गरज उरली नाही. स्पीकरवाल्यांच्या पेट्या माळ्यावर गेल्या, तिथून भंगारात.

२०२५ मध्ये ‘शोले’ला पन्नास वर्षं झाली आणि चित्रपट मूळ शेवटासह पुन्हा पडद्यावर आला. आणीबाणीतल्या सेन्सॉरने बदलायला लावलेला हा शेवट पूर्वीच्या प्रेक्षकांनी चित्रपटगृहात पाहिलेला नव्हता. पण रेकॉर्डवर वाढलेल्या पिढीला शेवटाहून गब्बरचा अड्डा जास्त जवळचा. जुन्या बाजारात ती एलपी हाती लागलीच, तर तिरकी धरून उजेडात पाहावी. बहुतेक भाग अजून काळाभोर चकाकतो. जिथे सुई पुन्हा पुन्हा टेकवली गेली, तिथल्या रेघा झिजून राखाडी झालेल्या असतात.