पहिल्या वर्षाची वही

पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराला विचारा, यंदा घड कमी का लागले? तो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीबद्दल बोलणार नाही, एप्रिलच्या खरड छाटणीबद्दल बोलेल. मे-जूनमध्ये कोवळ्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते. तेव्हा हवा ढगाळ राहिली किंवा पाण्याचं गणित चुकलं, तर पुढची छाटणी कितीही मुहूर्तावर करा, डोळ्यातून घडाऐवजी नुसती बाळी निघते. दिसतं ऑक्टोबरनंतर, पण ठरलेलं असतं त्याच्या चार-पाच महिने आधी.

माणसाबद्दल असंच काही म्हणायचं धाडस विज्ञानाने विसावं शतक संपत आल्यावर केलं. तेही एका जुन्या वहीमुळे.

इंग्लंडच्या बोअर युद्धात भरतीला आलेले कितीतरी तरुण शरीराने अपात्र ठरले आणि सरकार हादरलं. बाळांची तब्येत हा एकदम राष्ट्रीय प्रश्न झाला. हर्टफर्डशायर जिल्ह्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंनी १९११पासून एक पद्धत बसवली. सुईणीने जन्माचं वजन लिहायचं, मग आरोग्यसेविकेने वर्षभर घरी जाऊन बघायचं. दूध अंगावरचं की बाटलीचं याची नोंद करायची आणि बाळ वर्षाचं झालं की पुन्हा वजन करायचं. सगळं शाईने, मोठ्या वह्यांमध्ये. हे काम १९४८पर्यंत चाललं. मी दिवसभर डेटाबेसमध्येच असतो. त्या अनुभवावरून सांगतो, ज्याचा पुढे काय उपयोग होईल हे माहीत नसताना इतकी वर्षं इतक्या शिस्तीने भरलेला डेटा मी तरी पाहिलेला नाही.

साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी या वह्या शोधून काढल्या आणि त्यातली बाळं पुढे कशाने वारली याच्याशी त्या जोडल्या. १९८९मध्ये त्यांनी दाखवलं, की वर्षाचे असताना ज्यांचं वजन कमी होतं त्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त होतं. हे गाजलं. १९९५चा त्यांचा दुसरा निबंध त्या मानाने कमी बोलला जातो. त्याच वह्यांतल्या ज्या माणसांनी पुढे आत्महत्या केली, त्यांचं जन्माचं वजन इतरांसारखंच होतं. पण पहिल्या वर्षात त्यांचं वजन कमी वाढलं होतं. बार्कर यांचा अंदाज असा, की शरीरातल्या संप्रेरकांची घडी त्या काळात बसते आणि पुढे मनःस्थितीवरही तिचा परिणाम राहतो.

दुसरा पुरावा हॉलंडचा. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेलं. या उपासमारीला नेमकी सुरुवात आणि नेमका शेवट आहे, त्यामुळे कोणत्या महिन्याच्या गर्भावर तिचा घाव बसला हे मोजता येतं. एझ्रा ससर आणि शांग लिन यांनी १९९२मध्ये दाखवलं, की उपासमार शिगेला असताना ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यातल्या स्त्रियांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. ‘दुप्पट’ वाचून घाबरायच्या आधी एक हिशेब करा. हा आजार शंभरात एखाद्यालाच होतो. म्हणजे दुप्पट होऊनही त्या भुकेतून आलेल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव माणसांना तो झाला नाही. मोबाइलवर अशा बातम्यांचे मथळे वाचताना हा दुसरा आकडा आपण कधीच विचारत नाही.

आपल्याकडे दुष्काळ असा हिवाळ्यापुरता येऊन जात नाही. बहात्तरच्या दुष्काळात बायकांनी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. त्या वेळी पोटात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. पण आपला मोठा प्रश्न तसल्या वर्षाचा नाही, चांगल्या पावसाच्या वर्षातल्या अर्धपोटी बाईचा आहे. आणि तो मोजायचं काम पुण्यात झालं.

केईएम रुग्णालयाच्या बानू कोयाजी यांनी वढू बुद्रुक परिसरात गावोगावच्या आरोग्यसेविका उभ्या करून ठेवल्या होत्या. त्याच रुग्णालयातले मधुमेहाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी बार्कर आणि कॅरोलिन फॉल यांच्या सोबतीने १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. विशेष म्हणजे बाळ झाल्यावर नव्हे, बाई गरोदर राहायच्या आधीपासून. या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं, उंची पाच फूट. बाळं भरली सरासरी पावणेतीन किलोच्या जरा खाली. साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची होती.

कारण शोधताना जे सापडलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आई एकूण किती कॅलरी खाते याच्याशी बाळाच्या वजनाचा संबंध फारसा लागेना. पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा पोटात जातं, याच्याशी मात्र लागला. आणि कामाशी. शेतातलं, घरातलं कष्टाचं काम जितकं जास्त, तितकं बाळ लहान. दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, जे दूध, अंडी, मांस यांतून मिळतं. ती मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या: आकड्यांची वर्तुळं क्रमाने जोडायची, ऐकलेले आकडे उलटे सांगायचे. ज्यांच्या आयांचं बी-१२ सगळ्यात कमी होतं, ती मुलं यात मागे पडली.

आता निफाड तालुका डोळ्यांसमोर आणा. दूध डेअरीला, टोमॅटो मार्केटला, द्राक्षं निर्यातीला. बागेत विरळणी, डिपिंग, काढणीच्या दिवसांत बायकांच्या टोळ्या पहाटेपासून उभ्या. अंगणवाडीत फलक लावतो आपण, ‘गरोदर मातेने विश्रांती घ्यावी’. रोजंदारी बुडवून कशी घ्यावी, हे त्या फलकावर नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी निघाली. चौथ्या फेरीतही आकडा जवळपास तेवढाच होता.

इथे या संशोधनाचा एक वाईट वापर होऊ शकतो आणि त्याची मला भीती वाटते. बार्करांचा १९९५चा निबंध हातात घेऊन उद्या कुणी म्हणेल, अमक्या शेतकऱ्याने जीव दिला तो भाव पडला म्हणून नाही, तो लहानपणापासूनच कच्चा. हा निष्कर्ष त्या वह्यांतून निघत नाही. त्यात दिसतं ते हजारोंच्या गर्दीतलं सरासरी अंतर. एका माणसाचं भविष्य त्यात लिहिलेलं नाही. कर्ज खरं आहे आणि कोसळलेला भावही खरा आहे. (मनावर ताण असह्य झाला तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. उधारी मागणाऱ्याचं तोंड तो बंद करत नाही, पण फोन उचलतो.) दुसरा वाईट वापर आईवर बोट ठेवण्याचा, आणि तो तर आपल्या घरांत आधीपासून चालूच आहे. ‘हिने खाल्लंच नाही काही.’ ताटात शेवटी कोण बसलं होतं, हे कुणी विचारत नाही.

याज्ञिकांच्या गटाने पुढे केलं ते असं. सहा गावांतली ती मुलं वाढत गेली, त्यांचं मोजमाप होत राहिलं. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी. ती वयात आल्यावर, २०१२पासून, त्यांच्यातल्या काहींना बी-१२ची गोळी रोज दिली गेली, काहींना नुसती दिसायला तशीच गोळी. मात्रा होती दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे चिमटीतही धरता न येणारी. यथावकाश मुलींची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली. ती मुलं दोन वर्षांची झाल्यावर त्यांच्या आकलनाची आणि भाषेची चाचणी घेतली. लग्नाआधीपासून बी-१२ घेतलेल्या आयांच्या मुलांचे गुण जास्त आले. हा निकाल २०२१मध्ये छापून आला. मुलांची संख्या मोठी नाही, त्यामुळे त्यावर लगेच योजना उभी करू नये. पण आजीचं वजन, आईचं रक्त आणि नातवाचे पहिले शब्द अशी तीन पिढ्यांची नोंद एकाच ठिकाणी आहे, तीही वढूसारख्या गावात.

पिंपळगावच्या अंगणवाडीत आता वह्यांबरोबर फोनही आला आहे. सेविका बाळाला काट्यावर ठेवते आणि आकडा पोषण ट्रॅकरमध्ये भरते. रेंज गेली, की आधी कागदावर लिहून ठेवते.